नागपूरला मोकळा श्वास, गाडीला नाही

पत्रकं वाटून काही होत नाही, असं आमचे बाबा म्हणतात. मी पाच वर्षं पत्रकं वाटते आहे, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावाही भरपूर आहे.

आमच्या हुडकेश्वरच्या घरासमोर आजोबांची जुनी गाडी उभी असते. बाबांचा तिच्यात जीव. गेल्या हिवाळ्यात ती धक्के द्यायला लागली, तेव्हा आईनं निर्वाणीचं सांगितलं, "रविवारपर्यंत नीट चालली त ठेवा. नाही त धरमपेठचा हॉटेलवाला घेऊन जाईल." हॉटेलवाला तिच्या बॉनेटमध्ये शेवंती लावणार होता. (इंजिनाच्या जागी शेवंती!) बाबा दोन दिवस जेवले नाहीत. (म्हणजे घरी जेवले नाहीत.)

इतवारीतले सत्तारभाई मिस्त्री मंगळवारी आले. मला इंजिनातलं कळतं असा माझा समज होता, तो त्यांनी पाच मिनिटांत काढला.

"पेडल हलकं दाबलं का ठिणगी जराशी आधी पडली पाहिजे," ते म्हणाले. "ही पतली नळी पाहा. इंजिन हिच्यातून हवा ओढते. त्या ओढीनं, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरची ही डबी ठिणगी आधी पाडते. ठिणगीचं टायमिंग लावेपर्यंत नळी काढून तिचं तोंड बंद ठेवायचं. बेटा, बोळा आहे का काही?"

माझ्या झोळीत पत्रकं होतीच. एक फाडून, घट्ट वळून नळीत कोंबलं आणि तेवढ्या वेळात सत्तारभाईंना शहरातल्या धुराबद्दल चार गोष्टी सुनावल्या. त्यांनी निमूटपणे टायमिंग लावलं. "आता बोळा काढून नळी लाव बेटा," म्हणाले. मी तेव्हा सार्वजनिक वाहतुकीच्या मुद्द्यावर पोचले होते. बोलता बोलता नळी लावली.

गुरुवारी बाबांनी गाडी काढली. उड्डाणपुलावर ती ऐटीत चढली. पुढं सपाट रस्ता लागला आणि तिचा मूडच गेला. तापली काय, रेंगाळली काय, पेट्रोल तर उसाच्या रसासारखं पीत होती.

"चढावर पळते अन् सपाटीवर मेल्यावानी चालून राहिली. काहून वं?" बाबांनी मला विचारलं.

"काहून म्हणजे? त्या मिस्त्र्यानं फसवलं तुम्हाले."

"अवं, आधी त्याले विचार त खरं."

"अन्यायाला कोणी विचारत बसतं का बाबा?"

बसत असावेत. मी मात्र रात्रीतून पत्रक लिहिलं: 'वाहनमालकहो, जागे व्हा!' त्यात 'इंजिनाहून काळी मनं' असंही एक वाक्य होतं. (मला ते फार आवडलं होतं.) शनिवारी मिस्त्र्यांच्या गल्लीत दोनशे प्रती वाटल्या. सत्तारभाईंनी चष्मा लावून एक पूर्ण वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि रविवारी न बोलावता घरी आले.

हॉटेलवाला आधीच आला होता. टेप लावून बॉनेट मोजत होता.

"चढावर ठीक, सपाटीवर सुस्त?" सत्तारभाई म्हणाले. "म्हणजे डबीले ओढच पोचून नाही राहिली." त्यांनी नळी काढली, चिमटा आत घातला आणि तेलकट बोळा बाहेर ओढला. मग तो शांतपणे बॉनेटवर पसरला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'नागपूरला मोकळा श्वास घेऊ द्या!' खाली माझं नाव.

सत्तारभाईंनी वाचलं. बाबांनी वाचलं. हॉटेलवाल्यानंही टेप गुंडाळत वाचलं. माझं एक पत्रक तिघांनी एकत्र वाचण्याची ती पहिलीच वेळ.

नळी लागली आणि बाबा सपाट रस्त्यावरून हलक्या पायानं असे फिरून आले की आईनं हॉटेलवाल्याला चहा देऊन वाटेला लावलं.

"चुकलं माझं, चाचा," मी म्हटलं.

"तोंडी नाही चालत बेटा. दोनशे वाटले न? मग माफीचेबी दोनशे वाट."

वाटली. त्याच गल्लीत, प्रत्येकाच्या हातात. जास्तीचा छापलेला गठ्ठा सत्तारभाईंनी ठेवून घेतला. "कागद मस्त आहे तुझा," म्हणाले. "हवा बिलकूल जात नाही."

पत्रकांनी काही होत नाही, असं बाबा आता म्हणत नाहीत. मी झोळी घेऊन निघाले की ते फक्त बॉनेटला कुलूप लावतात.