बापाचा भोंगा

फोन आला तेव्हा मी वडूजच्या माझ्या जुन्या दुकानात एका बॅटरीची टोकं घासत बसलो होतो. बॅटरी मेलेली आहे हे मलाही कळतं, तरी घासतो. पलीकडनं बिराची लेक सुनंदा बोलत होती, सांगलीहून, विश्रामबागेतनं. म्हणाली, "काका, आण्णा गेलं." मी म्हणालो, "बरं." एवढंच तोंडातनं निघालं. बायको मागनं म्हणाली, "आवं, कुणी गेलं तर बरं म्हणत्यात व्हय?" आता अशा वेळेला काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही, माझी शाळा तिसरीतच सुटली. त्याला आता महिना होत आला. पेपरवाल्यांनी सुनंदाला विचारलं, आण्णांवर कोण लिहील, तिनं माझं नाव सांगितलं. नातू म्हणाला, "तुम्ही सांगा, मी लिहून देतो." मी म्हणालो, बिराचा आवाज गावोगाव मी पोचवला, त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला मला दुसऱ्याचा हात लागत नाही. चुकलं तर चुकलं.

बिरा म्हणजे आमच्या खटावच्या माळावरचा मेंढक्याचा पोरगा. त्याचा बाप म्हाळाप्पा ओव्या म्हणायचा. देवापुढं ढोल लागला की म्हाताऱ्यानं ओवी टाकायची आणि लहानग्या बिरानं शेजारी बसून झील धरायची, म्हणजे बापानं सोडलेली ओळ उचलून पुरी करायची. बापानं विचारायचं, लेकानं उत्तर द्यायचं. ओवी अशीच चालते, एकट्यानं होत नाही.

माझी त्याची गाठ पडली लोणंदच्या बाजारात. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी नवंनवं माइकचं सामान घेतलेलं: एक मशीन, दोन भोंगे, एक बॅटरी. भोंगा म्हणजे पत्र्याचा कर्णा, झाडाला बांधायचा. एका बियाणंवाल्यानं मला जाहिरातीसाठी बोलावलं होतं. दुपारी तो जेवायला गेला आणि माइक मोकळा पडला. बिरा बापाबरोबर कोकरं विकायला आलेला. मिसरूड फुटलेलं पोरगं, खांद्यावर घोंगडं. मला म्हणाला, "ह्यात बोललं की कुठवर जातंय?"

"रेल्वेच्या फाटकापातुर."

"आन् वारं आसलं तर?"

"वारं आसलं तर तुज्या सासरवाडीपातुर. तू म्हण तर खरं."

तो म्हणाला. बापाची ओवी नाही म्हणाला, स्वतःची. रानात मेंढरामागं हिंडताना बांधलेली. पहिल्या ओळीला कांद्याच्या वखारीतले हमाल पोती ठेवून बाहेर आले. दुसऱ्या ओळीला बाजार गप झाला. बाजार गप झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गप बसणं पण ऐकू येतं, हे माइकवाल्याला विचारा. मग कुणीतरी हसत हसत पैसा फेकला आणि तो बिराच्या पायाशी पडला. तेवढ्यात म्हाळाप्पा गर्दीतनं पुढं आला. ओरडला नाही, मारलं नाही. म्हणाला, "देवापुढचा आवाज बाजारात मांडलास. ह्याच्याफुडं तुजा आवाज माज्या कानावर यायचा न्हाई." आणि कोकरं हाकत चालता झाला. त्या दिवशी बिरा माझ्या सामानाच्या गाडीत बसून वडूजला आला आणि दुकानातच राहिला.

त्याच्या गाण्याची सुरुवात ही अशी झाली. मागं कंपनी नाही, फड नाही, कुणाचा आशीर्वाद नाही. मिरजेतनं एक जुना बेंजो आणला, बटणं दाबायचा तसला, आणि आम्ही दोघं जत्रा धरायला लागलो. तेव्हा ऑर्केस्ट्र्यांचं पेव फुटलेलं. झकपक कपडे घालून पोरं सिनेमाची गाणी म्हणायची. बिरा धोतर-पटक्यात उभा राहायचा आणि आपलंच म्हणायचा. समोरनं आरोळी यायची, "पिक्चरचं म्हण की रं!" तो म्हणायचा, "पिक्चर बघायला मी टुरिंग टॉकीजला जातू. हितं तुमी या." लोक हसायचे, त्या हसण्यावर तो गाणं सुरू करायचा. ही त्याची चलाखी.

पण त्याच्या गाण्यात एक खोड होती. ओळ म्हणायचा आणि थांबायचा. बेंजो पण थांबायचा. चांगलं एका ओळीएवढं मोकळं सोडून मग पुढची ओळ. सुरवातीला लोकांना वाटायचं गडी विसरला. शिट्ट्या मारायचे. म्हसवडच्या बाजूला एका गावात एका पिदाड्यानं त्या मोकळ्या जागेत "जी जी" केलं, तर बिरानं बेंजो खाली ठेवला, पाणी प्याला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हळूहळू माणसांना सवय झाली. पुढं पुढं तर त्या जागेची वाट बघायला लागले. तो थांबला की बाया पोरांची तोंडं पदरानं दाबायच्या. एवढी जत्रा, पाळणे, भेळेचे गाडे, आणि मधेच विहिरीत डोकावल्यासारखी शांतता... कुणाचं तरी येणं राहिलंय, असं वाटायचं. मी मशीनपाशी बसून काटा आलेला हात चोळायचो. ते ज्यानं समोर बसून ऐकलं त्यालाच कळेल. रेकॉर्डवर ते येत नाही.

आणि दुसरी खोड भोंग्याची. एक भोंगा माणसांकडं, दुसरा माणसं नाहीत तिकडं. दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढरं खाली कृष्णाकाठाला उतरतात. बागायतदार खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. म्हाळाप्पाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुठं पडलाय ते बिरा बाजारात मेंढक्यांना विचारून घ्यायचा. मग मी शिडीवर आणि तो खाली. तोंडानं सांगायचा नाही, हनुवटीनं दाखवायचा. तिकडं भोंगा वळवायचा. वायर दोन दोन शेतं ओढायला लागायची, पण मी ओढली. एकदा जत्रेचा पंच चिडला, "तिकडं काय भुतं बसल्यात ऐकाया?" मी म्हणालो, "भुतं फुकट ऐकत्यात, तुमी कशाला जळताय?" आम्ही त्याला बापाचा भोंगा म्हणायचो. कानावर येऊ देणार नाही म्हणाला होता ना म्हातारा? मग येईल तिथवर पाठवायचा. बिराला त्याच्याकडनं शाबासकी नको होती. बापानं ऐकलं का, एवढंच कळायला हवं होतं. आणि तेच कळत नव्हतं.

ते कळलं वाळव्याकडच्या एका जत्रेत. दुपारचं गाणं झालं आणि फडात कुस्त्या लागल्या म्हणून सगळं गाव तिकडं पळालं. मैदानात मी, बिरा आणि एक कुत्रं. म्हाळाप्पाचा वाडा दोन शेतांपलीकडं तुटलेल्या उसाच्या रानात होता, आणि भोंगा त्याच्या बांधावरच्या बाभळीला. आता एक गोष्ट माइकवाल्यांना ठाऊक असते. भोंगा नुसता बोलत नाही, उलटा जोडला तर ऐकतो पण. वायर मशीनच्या मागनं काढायची आणि माइकच्या भोकात घालायची. मग भोंग्यापाशी जो आवाज होईल तो इकडं येतो. बारीक येतो, घरघरतो, पण येतो. दुकानात गंमत म्हणून मला हे सापडलेलं. मी बिराला म्हणालो, "बघायचं का तुजा बाप काय करतुया?" त्यानं बेंजो बाजूला ठेवला. मी वायर बदलली आणि जवळच्या भोंग्याचा आवाज अगदी कमी ठेवला. दोघांनी भोंग्यात डोकी घातली.

आधी नुसती घरघर. मग मेंढरांच्या घंटा. मग कुणीतरी खोकललं, अगदी जवळ, भोंग्याच्या खालीच. बिराचा चेहरा असा झाला की मी तिकडं बघितलं नाही. आणि मग म्हातारा म्हणायला लागला. सावकाश, स्वतःशीच. बिराचंच गाणं, त्या दिवशी शेवटी म्हटलेलं.

माळावरची वाट माझी कुणी पुसली गा...

इथं बिरा थांबायचा. म्हातारा थांबला नाही.

वाऱ्यानं पुसली गा, लेकरा, वाऱ्यानं पुसली गा...

म्हातारा झील धरत होता. त्या सगळ्या मोकळ्या जागा त्याच्या होत्या, आणि तो त्या भरत होता. कुणी ऐकेल म्हणून गाणं चालू असताना नाही, गाणं संपून भोंगा गप झाल्यावर. तेव्हा मला आणखी एक कळलं. मेंढका कुठंही जाऊ शकतो. कोकणात उतरला असता, कर्नाटकात गेला असता. पण दर साली त्याचा वाडा आमच्या जत्रांपासून दोन शेतांवरच पडायचा.

मी म्हणालो, "जा की रं गड्या. दोन शेतं तर हायती."

बिरा म्हणाला, "गेलो तर गप बसंल त्यो."

नाही गेला. मी शिव्या दिल्या, तरी नाही गेला. बाप तसा लेक. मला लोक हेकट म्हणतात, त्यांनी ते दोघं बघायला पाहिजे होते. पुढं काही सालं असंच चाललं. लेकानं जागा सोडायची, बापानं भरायची, मधे माझी वायर. समोरासमोर दोघं एक शब्द बोलले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात म्हाळाप्पा माळावरच गेला. पुढच्या जत्रेला मी एकच भोंगा बांधला, तर बिरा शिडीपाशी येऊन उभा. "दुसरा?"

"आता कुणीकडं?"

त्यानं हनुवटी उचलली. तिकडं रिकामं रान होतं, नांगरलेलं. मी बांधला. गाणं झालं, लोक उठले, तर म्हणाला, "उलटा जोड." मला ते बरं वाटलं नाही. पण जोडला. त्यानं एकट्यानं कान लावला आणि मला लांब बसवलं. बराच वेळ तसाच होता. डोकं वर काढलं तेव्हा त्याच्या गालावर भोंग्याच्या कडेचा वण उमटला होता.

"काय आलं?"

"वारं."

"आनि?"

"तुजं मशीन जुनं झालंय, रामा."

त्यानंतर बरीच सालं तो गायला. दुसरा भोंगा प्रत्येक वेळी बांधला. पण उलटा जोड, असं पुन्हा कधी म्हणाला नाही.

शेवटचं भेटलो ते विश्रामबागेत, लेकीकडं. आवाज गेला होता, ओठ हलायचे तेवढेच. मला विचारलं, "भोंगा हाय?" मी म्हणालो, "हाय. नातू म्हंतुय भंगारात घाला."

"मग?"

"मग काय, त्यालाच घालतू म्हनलं."

हसला. त्या हसण्यात मी धाडस केलं. म्हणालो, "बिरा, त्या दिशी रिकाम्या रानात काय ऐकू आलं तुला?"  त्यानं हनुवटी उचलली, खिडकीकडं. मी वळून बघितलं. पलीकडच्या इमारतीची भिंत, तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. चादरी हलत नव्हत्या. वारंच नव्हतं...

परवा तो भोंगा दुकानाच्या पोटमाळ्यावरनं काढला. पुसला. पूर्वी एका फौजीनं सुट्टीवर आल्यावर त्याच्या टेपवर बिराचं गाणं भरलेलं, ती कॅसेट माझ्यापाशी आहे. मशीनला अजून जीव आहे. म्हटलं, एकदा लावू. भोंगा घेऊन शिडीवर चढलो आणि तिथंच अडकलो. वळवू कुणीकडं? आजपर्यंत खाली तो असायचा. या वयात हात भरून आला, बायको खालनं ओरडायला लागली, "उतरा, पडाल!" शेवटी उतरलो. दुकानाचं दार लावून घेतलं, भोंगा बाकड्यावर ठेवला, त्याचं तोंड माझ्याकडं केलं आणि समोर बसलो. गंमत बघा, आयुष्यभर मी मशीनपाशी, भोंग्याच्या पाठीमागं. बिराच्या भोंग्यासमोर मी कधी बसलोच नव्हतो.

कॅसेट खरखरली. मग तो आला. माळावरची वाट माझी कुणी पुसली गा... आणि थांबला.

मी झील धरली नाही. ती जागा माझी नव्हे, आणि दुसऱ्याच्या जागेवर मी कधी बसलो नाही. नुसता ऐकत राहिलो.

त्या मोकळ्या जागेत कुणीतरी खोकललं, वाळव्याकडच्या त्या बाभळीखाली खोकललं होतं तसंच. अगदी जवळ. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी तर श्वास रोखून बसलो होतो.