पायऱ्यांजवळचा नमुना

माणूस इतका काटेकोर, की लोक त्याला 'बाटलीसाहेब' म्हणत. शेतांमधून निचरा होऊन चरांत उतरलेलं पाणी बाटलीत भरायचं, त्यातले क्षार मोजायचे, वहीत लिहायचे. चोवीस वर्षं हेच काम. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, त्यात कधी इकडचं तिकडे नाही. आता असा माणूस चुकावा कुठे, तर पाय ठेवायच्या जागेवर.

थोरल्या भावाच्या शेताला लागून मोठा चर होता. पुलाखाली सिमेंटच्या पायऱ्या, बाकी सगळीकडे गुडघाभर चिखल. साहेबांना चिखलाची भारी किळस, म्हणून नमुना कायम पायऱ्यांवरून. वरच कालव्याचं गळकं दार होतं आणि त्यातलं गोडं पाणी नेमकं तिथेच चरात पडत राहायचं. दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नाही, बस्स.

कालव्याचं पाणी भावाच्या टोकाच्या शेतापर्यंत पोचत नसे. "चराचं पाणी पिकाला दिलं तर चालेल का रे?" भावाने विचारलं. क्षारांचा आकडा दोनच्या आत असला की पाणी पिकाला चालतं, आणि यंत्र सव्वा दाखवत होतं. "बिनधास्त दे, दादा," हा म्हणाला. भावाने पायऱ्यांच्या बरंच वरच्या अंगाला, जिथे गळतीचं पाणी पोचत नव्हतं तिथून उचलून तीन उन्हाळे दिलं. चौथ्या वर्षी दार दुरुस्त झालं, गळती थांबली आणि त्याच पायरीवर यंत्राने साडेचार दाखवले. तोवर शेतावर पांढरा थर चढला होता, गवतसुद्धा उगवत नव्हतं. याने तोंड उघडलं नाही. वर्षभराने भाऊ गेला.

दाराची गळती थांबली, पण याच्या कानातली काही थांबेना. जेवता जेवता उठायचा, मोरीत जाऊन नळ पिळायचा. "अहो, कोरडा ठणठणीत आहे तो. जेवा गुपचूप," बायको वैतागायची. पायऱ्यांवर उतरला की पाठीमागे भाऊ उभा आहे असं वाटायचं. बोलत नसे काही, नुसता उत्तराची वाट बघत थांबलेला. मान वळवायची याची छाती होत नसे.

परवा वहिनींनी बोलावलं. पलीकडचा एक तुकडा अजून चांगला राहिला होता. "भाऊजी, त्याला चराचं पाणी देऊ का? तुम्ही म्हणाल तसं करते."

हो म्हटलं तर उरलेला तुकडाही जाणार. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागणार, आणि मग या घराचा उंबरा कायमचा तुटणार. शेवटी सांगून टाकलं सगळं: पायऱ्या, गळकं दार, सव्वा, साडेचार. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी एक शब्द गाळला नाही.

वहिनी ओट्याला टेकून ऐकत होत्या. रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत.

"हे शेवटपर्यंत म्हणत होते," त्या म्हणाल्या, "धाकट्याने आकडा बरोबर दिला होता, मीच हावरटासारखं जास्त पाणी पाजलं. तेच मनाला लावून घेतलं आणि गेले. अख्खं वर्ष होतं तुमच्या हातात, भाऊजी. एकदा येऊन त्यांना सांगायचं होतं."