काकूंनी बंद केलेला पंखा

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळचे आठ. घरातल्या स्थिर सायकलीवरचा माझा तिसरा तास संपत आला होता. हृदयाचे ठोके दीडशेच्या आत राहिले, तरच प्रशिक्षक मला ट्रायथलॉनला उतरू देणार होते.

खालच्या मजल्यावरच्या काकू नेहमीप्रमाणे न विचारता आत आल्या. सायकल जागची हलत नसूनही त्यांचा प्रश्न रोज एकच असतो.

“फर्दापूर आलं का नाय अजून?”

“थोडंच राहिलंय, काकू.”

“लई घामेजलीस गं. घामावर वारं बाधतं,” म्हणत त्यांनी समोरचा पंखा बंद केला आणि पदराने माझा चेहरा टिपला.

घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही, हे मी शिकलेली आहे. ‘पंखा लावा’ एवढेच म्हणायचे होते. ते मी का म्हटले नाही, याचे स्पष्टीकरण अजूनही सापडलेले नाही.

शेवटची नोंद: एकशे एक्कावन्न.