कॅमेऱ्याचा मफलर

आमच्या गच्चीवरून आकाश दिसतं असं म्हणणं म्हणजे जरा फुशारकीच. तुकोगंज भागात चारी बाजूंना दवाखाने, त्यांच्या पाट्या अंधार पडायच्या आधीच पेटतात, आणि मागच्या गल्लीतल्या लॉनवर लग्न असलं की तिथले फोकस थेट ढगांना जाऊन भिडतात. आमचं शहर रस्ते इतके लख्ख झाडून घेतं की बाहेरगावचे पाहुणे बघत राहतात. आकाश झाडायची गाडी मात्र अजून निघालेली नाही. अशा ठिकाणी राहून मी तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगांचे, फोटो काढायचा नाद लावून घेतला, तो बाबांमुळे.

बाबा रेल्वेत क्लार्क होते. तरुणपणी त्यांनी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमधून पत्र्याची नळी करून घेतली, भिंगं कुठून कुठून जमवली आणि दुर्बीण बांधली. त्या दुर्बिणीतून मी शनीची कडी पाहिली, चंद्रावरचे खड्डे पाहिले. हिवाळ्यात नळीवर दव धरू नये म्हणून बाबा तिला आईची जुनी शाल गुंडाळायचे, वर सुतळीच्या दोन गाठी. आई म्हणायची, मला सर्दी झाली तर विचारत नाहीत, हिची बघा कशी काळजी. आई गेली, नळीला गंज चढला, पण दव हा बाबांचा शत्रू तो शत्रूच राहिला.

एक गोष्ट त्यांना त्या दुर्बिणीतून कधीच दिसली नाही. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे ना, त्याच्या एका टोकाच्या ताऱ्याखाली एक फिकट तेजोमेघ आहे. त्याच्यापुढे काळ्या धुळीचा ढग उभा आहे, हुबेहूब घोड्याच्या डोक्यासारखा. पुस्तकात त्याचा फोटो होता. बाबा दर हिवाळ्यात तो घोडा शोधायचे. अंधुक वस्तूकडे थेट बघायचं नसतं, तिच्या जरासं बाजूला बघायचं, मग ती डोळ्याच्या कोपऱ्यात उमटते, हे त्यांनीच मला शिकवलं. स्वतः ते किती वेळ तसे बाजूला बघत उभे राहायचे. घोडा काही आला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की उजव्याचीही तीच वाट आहे, इंजेक्शनांनी थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. बाबांनी घरी येऊन शांतपणे चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "बेटा, तो घोडा राहिला यार."

मी आयटीतली बाई, ऑफिसचं काम घरूनच, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. मला वाटलं, हे तर जमवता येईल. उजवा डोळा आहे तोवर बाबांना घोडा दाखवायचा, एवढंच मी ठरवलं. लहान दुर्बीण घेतली, ताऱ्यांबरोबर आपोआप फिरणारा स्टँड घेतला आणि एक कॅमेरा. हा कॅमेरा स्वतःला शून्याच्या खाली गार करून घेतो, कारण ऊबदार राहिला तर फोटोत नुसते ठिपके उठतात. आतली सगळी उष्णता तो पाठीमागच्या छोट्या पंख्यातून बाहेर फेकतो. त्याच्यापुढे एक फिल्टर असतो. ही काच तेजोमेघाच्या हायड्रोजनचा तेवढा लाल प्रकाश आत सोडते आणि दवाखान्यांच्या पाट्या, लग्नाचे फोकस, सगळं जवळपास बाहेरच अडवते. मी बाबांना हे समजावलं तेव्हा ते फिल्टर बोटांत धरून बराच वेळ हसत होते. इतक्या वर्षांत आपल्याला ही एवढीशी काच नाही सुचली, म्हणाले.

फोटो एक काढून भागत नाही. मिनिटा-मिनिटांचे पुष्कळ काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे घोडा मान वर काढतो. डिसेंबर धुक्यात गेला. जानेवारीत दोन संध्याकाळी बऱ्या मिळाल्या, मग मावठ आलं, थंडीतला अवेळी पाऊस, आणि आठवडाभर आभाळ हटेना. बाबा रोज दुपारी गॅलरीत येऊन तोंड वर करायचे आणि कसं आहे म्हणून मला विचारायचे. मीही ढगांवर अशी चिडायचे जसे ते आमचे भाडेकरू आहेत.

मग एक संध्याकाळ धुतल्यासारखी स्वच्छ उघडली. मी दिवेलागणीलाच सगळं लावलं, कॅमेरा गार झाला, फोटो सुरू झाले. लॅपटॉप खाली खोलीत होता, तिथूनच सगळं चालतं. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला, परदेशातल्या साहेबांचा, आणि तो संपेचना. मी मधूनमधून दुर्बीण तारा नीट धरून आहे ना तेवढं बघत होते. तापमानाच्या आकड्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

कॉल संपल्यावर वर गेले. कॅमेऱ्याला बाबांचा करडा लोकरी मफलर गुंडाळलेला होता, व्यवस्थित, पंख्यासकट, वर दोन गाठी. हात लावला तर आतून तापलेला. खाली येऊन फोटो उघडले तर पहिले थोडे सोडून सगळ्यांत नुसते ठिपके, घोंगडीवर मीठ सांडावं तसे. ती संध्याकाळ गेली होती.

मला इतका राग आला की जिन्यावरून उतरताना मी वाक्यं जुळवत होते. हात लावायच्या आधी विचारायला काय होतं, दिसत नाही तर वर जायचंच कशाला, असली वाक्यं. बाबा डायनिंग टेबलाशी दाराकडे तोंड करून बसले होते. डोक्याला टोपी नाही, गळ्यात मफलर नाही, नाक लाल झालेलं. चेहरा मात्र असा खुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"तू कामात होतीस ना," ते म्हणाले, "म्हणून मीच बांधून आलो. वर जबरदस्त दव आहे. काचेवर बसलं असतं तर सगळा खेल खतम. आता टेन्शन नको घेऊ."

कसं आलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मधेच ढग आले. ते म्हणाले, चलो, काही हरकत नाही, उद्या. आणि उठून भिंतीला हात लावत झोपायला गेले.

उद्या काही झालं नाही, परवाही नाही, पुन्हा धुकं बसलं. त्याच आठवड्यात एका सकाळी बाबांनी पेपर उघडला, जवळ नेला, लांब धरला आणि आज पेपरवाल्यांनी छपाई काय खराब केली म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. छपाई रोजच्यासारखीच होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन दिलं, पुढेही दिलं, पण उजव्या डोळ्याचं जे गेलं ते परत आलं नाही.

होते तेवढे चांगले फोटो मी रचले. घोडा आला, दाणेदार, कमी उजेडाचा, पण मान वळवलेला, खराखुरा आमच्या गच्चीवरचा घोडा. तो मी टीव्हीवर मोठा करून लावला आणि बाबांना समोर बसवलं. त्यांनी समोर पाहिलं. मग नजर जराशी पडद्याच्या बाजूला नेली, खिडकीकडे, आणि मला शिकवलं होतं तसे स्थिर बसून राहिले. मला ते बघवेना.

"तोंड कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उजवीकडे.

"हां," ते म्हणाले. "आलं."

दुर्बिणीतून काही न दिसलेले पाहुणे आमच्या गच्चीवर ज्या आवाजात वा वा म्हणायचे, तोच तो आवाज होता. मी टीव्ही बंद केला. मला रडू आलं नाही. राग आला, डॉक्टरांचा, मावठाचा, त्या कॉलचा, मफलरचा, आणि कुणावर काढायचा ते कळेना.

तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळं पुन्हा वर मांडलं. नाही मांडलं तर त्यांना कळेल की संपलं, अशी मला भीती वाटली. बाबा कठडा धरत वर आले, चाचपत कॅमेऱ्यापाशी पोहोचले आणि मफलर बांधून खाली गेले. ते गेल्यावर मी गाठी सोडल्या. असे बरेच दिवस गेले. आधी मी गाठी सोडून फोटो काढायचे. मग नुसत्या सोडायचे. मग कॅमेऱ्याला वायर जोडणंही सोडलं. दुर्बीण, स्टँड, कॅमेरा, सगळं मुकाट्याने वर न्यायचं, त्यांनी मफलर बांधायचा, जरा वेळाने मी सगळं खाली आणायचं. घोड्यासाठी आता कुणी काही करत नव्हतं.

होळी जवळ आली. संध्याकाळी गच्चीची फरशी पायाला कोमट लागायची, हवा कोरडी ठणठणीत. मृग डोक्यावरून पश्चिमेकडे कलला होता. बाबा वर आले, मफलर गुंडाळता गुंडाळता थांबले, बंद पंख्याच्या जाळीवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पहिली गाठ मारायला घेतली.

मलाच राहवलं नाही. "बाबा," मी म्हटलं, "आता दव पडत नाही."

"माहीत आहे, बेटा," ते म्हणाले. "मला दिसत नाही, पण एवढं तर कळतं ना. तू रोज सगळं लावतेस, म्हणून मी येतो."

त्यांनी दुसरी गाठही मारली आणि कठडा धरत खाली गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काहीच वर नेलं नाही. बाबा दिवेलागणीला खोलीतून बाहेर आले, जिन्याच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहिले आणि परत आत गेले. कॅमेरा मी आईच्या कपाटात ठेवलाय, मफलरसकट.