सासूबाईंचं लिनक्स

आमच्या सासूबाई गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. म्हणजे लेखक हाताने लिहून देतो तो मजकूर, अपूर्णांक, वर्गमुळं, सगळं कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्याला देण्याजोगं करतात. खिडकीजवळच्या टेबलावर हे काम चाललेलं असतं आणि मध्ये कोणी बोललं तर त्या अशा बघतात, की बोलणाऱ्याला आपलं आजवर काय काय चुकलं ते सगळं आठवायला लागतं. मी सून आहे. मला ते बघणं चांगलंच ओळखीचं आहे.

त्यांचा उजवा हात नावापुरता आहे. काही वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्या आणि मनगटाचा चुरा झाला. हाड जुळलं, बोटं मात्र वळेनात. आता मराठी कीबोर्डवर स्वर सगळे डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. दवाखान्यातून आल्यावर त्या टेबलाशी बसल्या, थोडा वेळ खुडबुड केली आणि मला म्हणाल्या, "डाव्या हाताने मला फक्त 'आई' लिहिता येतंय. तेवढं तर पडताना तोंडानेच म्हटलं होतं."

मग काम बंद झालं आणि त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पातेली एका कपाटात, त्यांची झाकणं दुसऱ्यात, कप एवढ्या उंच फळीवर की काढायला स्टूल लागावं. एका हाताची बाई माझ्या दोन हातांना पुरून उरली, माझ्या नाकी नऊ आले. पण एकदा दुपारी मी कामावरून लवकर आले, तर त्या बंद स्क्रीनसमोर नुसत्या बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. त्या दिवसापासून मी झाकणांबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यातून बाहेर त्या स्वतःच आल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली. त्याचं एक बरं असतं, आतलं सगळं उघडून आपल्याला हवं तसं बदलता येतं. त्यांनी असं केलं की अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला की कीबोर्डची उजवी बाजू आरशात दिसावी तशी डावीकडे येते. म्हणजे व्यंजनंही डाव्याच हाताला. मग त्यावर संक्षेप आले, दोन अक्षरं मारली की अख्खा अपूर्णांक उभा राहतो, तीन मारली की वर्गमूळ. रोज थोडं जुळवायचं, अडलं की बदलायचं, असं करत करत त्यांचा एक हात पूर्वीच्या दोन हातांच्या वेगाने धावायला लागला. प्रकाशनाच्या संपादकबाईंना तर त्यांचा हात मोडलाय हे अजून खरं वाटत नाही.

आणि आता ते मशीनच म्हातारं झालं. चालू असताना मध्येच बंद पडायचं. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि मदरबोर्ड गेल्यात जमा आहे, सुटे भागही मिळत नाहीत, असं सांगून तो चहा पिऊन गेला. सासूबाईंच्या दोन्ही मुलांनी मिळून नवीन कॉम्प्युटर आणून दिला. माझे धाकटे दीर कॉम्प्युटरच्याच कामात आहेत. ते म्हणाले, "आई, तू काळजी करू नकोस. मी नवंकोरं लिनक्स टाकून देतो, तासाभराचं काम आहे."

"आणि माझा हात?"

"तो परत बसवू की."

"कसा? कुठे कुठे काय काय बदललंय ते मलाही सांगता येणार नाही. बोटांना माहीत आहे, मला नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आहे तसंच्या तसं उचलून पलीकडे नेता आलं तर नेऊ. नाही आलं तर हे भूमितीचं पुस्तक परत पाठवते आणि काम सोडते. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं माझं वय नाही."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, त्यामुळेच मी घाबरले. थोडी स्वयंपाकघराच्या काळजीने, आणि बरीचशी त्या दुपारच्या आठवणीने.

एका रविवारी हलवाहलव झाली. दीर कीबोर्डशी बसले आणि सासूबाई त्यांच्या खांद्यावरून हुकूम सोडत होत्या. दिरांनी जुनी डिस्क काढून नव्या खोक्यात नव्या डिस्कशेजारी बसवली, मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि जुनीवरचं सगळं, कणन् कण, नवीवर उतरवलं. नव्या मशीनची सुरू होण्याची तऱ्हा वेगळी होती, ते आधी ढिम्म हलेना. दिरांनी नव्या डिस्कवर त्याच्या तऱ्हेचा एक छोटा कप्पा केला, तेव्हा कुठे ते उठलं. स्क्रीनवरची अक्षरं भोपळ्याएवढी आली आणि वायफाय तर सापडेचना. सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी दिरांना खुर्चीतून उठवलं, अंगठ्याने स्पेसबार दाबला आणि लिहिलं, त्रिकोण. एका हाताने, एका दमात. माझा जीव भांड्यात पडला. दिरांनी जाण्यापूर्वी वायफाय आणि स्क्रीनही ताळ्यावर आणले.

पुढचा आठवडा घरात आनंदीआनंद होता. मशीन आवाज करत नव्हतं, बंद पडत नव्हतं. भूमितीचं चौथं प्रकरण झालं, पाचवं होत आलं. सासूबाई काम करताना गुणगुणायला लागल्या, जे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं आणि ऐकल्यावर कळलं की का ऐकलं नव्हतं. त्या सगळ्या सुरांना सारखंच वागवतात.

रविवारी त्या म्हणाल्या, "आता ती जुनी डिस्क पुसून घेते. रोजचं काम तिच्यावर उतरवून ठेवत जाईन. एकाच जागी सगळं ठेवणं बरं नाही." किती शहाणपणाचं बोलणं. पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू केलं, कंपनीचं नाव बघून जुनी कुठली ते दोनदा तपासलं आणि पुसली. मशीन पुन्हा सुरू केलं.

स्क्रीनवरची अक्षरं भोपळ्याएवढी होती. वायफाय नव्हतं. चौथं प्रकरण नव्हतं.

मी भाजी चिरत होते. बाहेरचं गुणगुणणं एकदम थांबलं, म्हणून बाहेर आले. सासूबाई पाठ ताठ करून बसल्या होत्या, हात मांडीवर. मी तडक दिरांना फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "आपण कणन् कण उतरवलं ना, त्यात डिस्कचा ओळखक्रमांकही उतरला. मशीन सुरू होताना त्या क्रमांकाला हाक मारतं. हाक मारली नवीला, आणि ओ दिली जुनीने. दोन्ही अगदी सारख्या, कळणार कसं? आठवडाभर तू जुन्या डिस्कवरच काम करत होतीस. मी नवीचा क्रमांक बदलायला हवा होता."

"म्हणजे मी आज जी पुसली..."

"तीत तुझा आठवडा होता. आणि मी बसवलेलं वायफायसुद्धा."

मी कपाळाला हात लावला. मला दिरांचा राग आला, डिस्कचा आला, त्या शहाणपणाचा तर सगळ्यात जास्त आला. मनात म्हटलं, संपलं. आता पुस्तक परत जाणार, स्क्रीन बंद होणार, आणि ही बाई दुपारभर तिच्यासमोर बसणार. मी विळी-भाजी तशीच टाकून त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. फोन चालू होता, दीर ऐकत होते, तरी मीच सांगावं असं त्यांना वाटलं असावं. मग त्या वाकल्या आणि हळूच, गरम भांड्याला हात लावावा तसं, स्पेसबारवर अंगठा ठेवला. मला एकदम कळलं त्या कशाला भीत होत्या. गेला आठवडा आम्ही जो हात बघून खूश होतो तो जुन्या डिस्कवरचा हात होता. नवीवर काय आलंय आणि काय नाही, हे अजून कोणी बघितलंच नव्हतं. आणि जुनी तर आता कोरी.

त्यांनी लिहिलं, समांतर रेषा. मग दोन अक्षरं मारली, अपूर्णांक उभा राहिला. तीन मारली, वर्गमूळ आलं. त्या थांबल्या नाहीत, आठवतील ते सगळे संक्षेप एकापाठोपाठ एक मारत गेल्या, भोपळ्याएवढ्या अक्षरांनी स्क्रीन भरून गेला. एकही अडला नाही.

"आई?" फोनमधून दीर म्हणाले. "काय झालं?"

"सगळं आलंय रे," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता. मग माझ्याकडे वळून, "अगं, आठवडाच गेला ना? तो मी परत लिहीन. लिहायला हात आहे."

मी रडले, उगाच कशाला लपवू. त्यांनी मला तसं थोडा वेळ रडू दिलं. मग चौथ्या प्रकरणाची हस्तलिखित पानं पुढ्यात ओढली आणि माझ्याकडे ते बघणं बघितलं, म्हणून मी उठून भाजीकडे गेले.