शेंगा उतरल्या की निघू

आमचे हे जर्मनीत जळके दाणे निवडायला आले होते. असं म्हटलं की त्यांना राग यायचा, संशोधन म्हणायचं. उत्खननात सापडलेले हजारो वर्षांपूर्वीचे काळे दाणे भिंगाखाली बघायचे आणि रानात हिंडून पोट भरणारी माणसं शेती कशी करू लागली ते शोधायचं. प्रबंध झाला की परत पुण्याला, असं ठरलेलं. म्हणून पलंगाखालच्या दोन ट्रंका मी पुरत्या रिकाम्या केल्याच नव्हत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फबाहेर, बीटच्या शेताच्या कडेला मला चाकवत दिसला. कोवळा, पानामागे पांढरी भुकटी, अगदी आपला. मी तिथेच रडले. कोणी लावला नव्हता, कोणाचा नव्हता. आईने शिकवल्याप्रमाणे नुसते शेंडे खुडले. "मूळ ठेवावं, मागून येणाऱ्यालाही पोट असतं," असं ती म्हणायची. ताकाऐवजी दुकानातलं बटरमिल्श घातलं, डाळीच्या पिठाऐवजी गव्हाचं. ह्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "ह्याच्या बिया माझ्या जळक्या दाण्यांतही सापडतात. तेव्हाच्या बायकाही हेच खुडत असणार." तो सबंध उन्हाळा मी पिशवी घेऊन मनसोक्त भटकले. इतकी मोकळी मी पुन्हा कधीच नव्हते.

प्रबंध संपत आला तेव्हा घरमालकिणीने घरामागची जमिनीची एक पट्टी आम्हाला देऊ केली. एवढ्या प्रेमाने देतेय, नको कसं म्हणायचं? मी घेवडा लावला, शेजारी बटाटे. हे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. तेवढ्यात आईचं पत्र आलं, कधी येताय?

"अहो, काय कळवू तिला?"

"शेंगा उतरल्या की निघू म्हणावं."

शेंगा उतरल्या, तर बटाटे अजून जमिनीत होते. बटाटे निघाले तोवर ह्यांना संस्थेत नोकरी मिळाली, फक्त वर्षभरासाठी. मग मालकिणीने प्लमचं रोप दिलं. त्याला फळ धरलेलं बघितल्याशिवाय पाय निघेना. हे एकदा हसून म्हणाले, "आल्झो, म्हणजे असंच झालं असणार बघ. ठरवून कोणी शेतकरी झालं नसेल. एवढं पीक काढू आणि जाऊ म्हणाले, आणि राहिलेच." मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

आईचा प्रश्न दर पत्रात असायचा. पुढे पुढे तो येईनासा झाला. त्याऐवजी ती विचारायची, तुमच्या प्लमला फळ धरलं का?

ती गेल्याची तार आली त्या दुपारी मी पट्टीत खुरपत होते. घेवड्याच्या ओळीत चाकवत माजला होता. मालकिणीच्या लेखी तो उनक्राउट, म्हणजे निव्वळ तण, आणि तण दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. आईचं शेवटचं दर्शन घ्यायला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. तार कमरेला खोचून मी पुन्हा खाली बसले आणि चाकवत मुळासकट उपटत राहिले. शेंडे खुडून ठेवायचं मला सुचलंही नाही.

संध्याकाळी हे मागच्या दारात आले. मग चाचरत म्हणाले, "निघू या का आपण आता?"

"आता कसली घाई?" मी म्हटलं. "शेंगा उतरू देत."