बाकावरचं दगडफूल

माझ्या सासूबाईंचा जन्म शिलाईत गेला. मोतीबिंदू वाढला, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मशीनवर चादर टाकली. त्या हिवाळ्यात बागेतला दगडी बाक मात्र त्या येता-जाता ब्रशने घासत. पक्षी घाण करतात, अशी त्यांची तक्रार. आम्हीही कुणी कधी वाकून बघितलं नाही, मुकाट्याने पाणी नेऊन द्यायचो.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तरी त्या दोऱ्याचं नाव काढीनात. नाहीच जमलं तर, ही धास्ती होती.

एका सकाळी मी त्यांना उन्हात बसायला बागेत नेलं. सवयीने त्यांनी ब्रश उचलला आणि थबकल्या.

"अगं, ही घाण नाहीये. दगडफूल आहे हे. कडेला बघ, कशा बारीक चुण्या घातल्यात."

मी वाकले. त्या राखाडी-हिरव्या ठिपक्याला खरंच झालर होती आणि तिच्यात दवाचा थेंब अडकला होता.

"एवढं घासलंस तरी बिचारं चिकटून राहिलं," मागून आलेले सासरे म्हणाले. "माझ्यासारखं."

"तुम्हाला घासून तरी काय फरक पडला?"

मग त्या बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. कुणी बघो न बघो, देवाने इथेही हात आखडता घेतला नव्हता.

"सुईदोरा आण गं," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला दोरा गेला. शिवलं काहीच नाही. ओवलेली सुई हातात धरून त्या नुसत्याच उन्हात बसून राहिल्या.